पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

फेब्रुवारी सरत आला की नगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसतात, कडुनिंबाची पिवळी पानं अंगणभर होतात आणि घराघरांतून पाठांतराचे आवाज येऊ लागतात. माझ्या पोटात तेव्हा गोळा येतो. पन्नाशी ओलांडली, माझी स्वतःची शेवटची परीक्षा होऊन जमाना लोटला, तरी येतो. शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण माझ्या पोटाला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

यंदा घरात आयेशा आहे. माझ्या भावाची मुलगी, घोडेगावहून माझ्याकडे शिकायला आलेली. तिची कसलीशी प्रवेश परीक्षा आहे, कम्प्युटरवर द्यायची, शहराबाहेरच्या एका केंद्रावर. परवा ती पलंगावर पालथी पडून मोबाईलवर सराव करत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘तिथले कम्प्युटर कुठल्या कंपनीचे आहेत गं?’’

‘‘कुठल्या का असेनात, फुफी! सगळे सारखेच असतात.’’

‘‘जाऊन बघून ये ना एकदा.’’

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या चौकशांना हल्लीची मुलं जे हसू राखून ठेवतात ते हसली आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेली. मला तिचा राग आला. मग स्वयंपाकघरात जाऊन मी विनाकारण भांडी आपटली. सगळे सारखेच असतात, हे वाक्य तिच्या तोंडी इतकं सहज आलं होतं, आणि त्या वाक्यापायी एका मोसमात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमचं घर नालबंदाचं. घोडेगावचा जनावरांचा बाजार लांबलांबपर्यंत माहीत असलेला, आणि त्या बाजाराच्या कडेला, रस्त्यालगत, अब्बांची जागा. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि पत्री, म्हणजे बैलाची नाल, ठोकायची. उसाचा हंगाम सुरू झाला की कामाला उसंत नसे. पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतून तोडणीला आलेल्यांच्या बैलगाड्या डांबरी रस्त्यानं कारखान्याला जात, आणि डांबर पत्र्या खाऊन टाकतं. त्यामुळे आमच्या घरात परीक्षेचा मोसम आणि पत्र्यांचा मोसम एकच. मी ओसरीवर अभ्यासाला बसायची आणि समोर हातोडीचा आवाज चालू असायचा. त्या आवाजाशिवाय मला अजूनही काही पाठ होत नाही.

घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. पण मी शाळेत जायला लागल्यापासून अब्बा माझ्याशी मराठीच बोलत. पोरीची मराठी सुधारावी म्हणून. त्यांची स्वतःची मराठी बाजारातली, बैलवाल्यांकडून उचललेली. त्यामुळे माझ्या मराठीत किती सुधारणा झाली ते अल्लालाच ठाऊक.

दहावीनंतर मला नगरला माझ्या फुफीकडे, अब्बांच्या बहिणीकडे, ठेवलं. तिथल्या कॉलेजात अकरावी-बारावीला कम्प्युटर हा विषय नव्यानं निघाला होता, आणि मला तो हवा होता. का हवा होता ते आज सांगता येणार नाही. कम्प्युटर मी पाहिलेलाही नव्हता. नात्यातून माझ्यासाठी विचारणा येऊ लागल्या होत्या. अब्बांनी त्या थोपवून धरल्या आणि मला समोर बसवून अट घातली.

‘‘दोन वर्सं दिली तुला. पास झालीस तर म्होरलं बगू, कालेजचं. न्हाई झालीस तर घरी. पुन्यांदा बसते, पुन्यांदा बघते, आसलं आपल्यात न्हाई.’’

‘‘एकदाही नाही?’’

‘‘एकदा बी न्हाई. खिळा ठोकताना मला कोन म्हनतं का, चाचा, चुकला तर परत ठोका? चुकला की बैल लंगडला.’’

अब्बा दिलेला शब्द पाळत. धमकीही पाळत. हे मला माहीत होतं, म्हणूनच ती दोन वर्षं मी जीव मुठीत धरून अभ्यास केला.

कॉलेजात कम्प्युटरची खोली म्हणजे देव्हाराच. चपला बाहेर, खिडकीला जाड पडदे, यंत्रांवर शिवून घेतलेली झाकणं, आणि सगळ्या कॉलेजात फक्त तिथेच एसी. यंत्रं मात्र दोनच. बदामी रंगाची, वरच्या अंगाला लाल बटणांची रांग असलेली. मुलं वर्गभर. आठवड्यातून एकदा पाळी यायची, तीही तिघातिघांत वाटून. बटणावर बोट टेकेपर्यंत पुढची तुकडी दारात चपला काढताना दिसायची.

यावर आमच्या शेळके सरांनी तोड काढली. ‘‘घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढा,’’ ते म्हणाले. ‘‘बटणं जशीच्या तशी, मापात. त्यावर बोटं फिरवा. इथे आलात की शोधाशोध नको.’’ सरांचा हेतू चांगला होता आणि उपाय खरोखर गुणकारी होता. आम्ही सगळ्यांनी काढले. मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि लाल बटणांत अम्मीच्या मेंदीचा रंग भरला. तो पुठ्ठा शनिवारी-रविवारी माझ्याबरोबर एसटीतून घोडेगावला यायचा आणि ओसरीत खिळ्यावर टांगला जायचा.

फ्लॉपी मात्र मी कधी घरी नेली नाही. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ, तिच्यात माझा सगळा प्रोग्राम साठवलेला. सरांनी बजावलं होतं की चुंबक जवळ आला तर सगळं पुसलं जाईल, आणि अब्बांकडे सांडलेले खिळे वेचायला जुन्या भोंग्यातला हा एवढा चुंबक होता. म्हणून फ्लॉपी फुफीच्या कपाटात, कपड्यांच्या घडीत असायची.

प्रोग्राम होता बैलाच्या वयाचा. बाकीच्यांनी पुस्तकातली गणितं घेतली. मी आमच्या बाजारातली गोष्ट घेतली. यंत्र विचारणार, किती दात? तुम्ही आकडा द्यायचा. मग ते सांगणार, दोनदाती आहे, चारदाती आहे, जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला आहे, आणि वय अमुक. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली.

‘‘आन मशीनला कसं कळतं?’’

‘‘मी सांगितलंय त्याला.’’

‘‘मंग मी इचारतो. सहादाती.’’

मी पुठ्ठ्यावर सहाचं बटण दाबलं आणि यंत्राच्या वतीनं मोठ्यानं उत्तर दिलं. अब्बांनी आजूबाजूला बसलेल्या गाडीवाल्यांकडे अशा रुबाबात पाहिलं की जणू पुठ्ठाच बोलला. एका तोडणीवाल्या बाईनं आपला बैल तोंड उघडून दाखवला आणि पुठ्ठ्याकडून वय विचारून घेतलं. त्या मोसमात तो पुठ्ठा आमच्या रस्त्यावर पुष्कळ वेळा चालला. माझा प्रोग्राम चालताना अब्बांनी पाहिला तो एवढाच.

बघताबघता माझी बोटं तयार झाली. बटणांकडे बघायची गरज उरली नाही. नजर प्रोग्राम लिहिलेल्या जर्नलवर, बोटं पुठ्ठ्यावर, आणि समोर हातोडी. वर्गात माझ्याइतकं वेगानं कुणी टाइप करत नसे. माझी मैत्रीण वैशाली, पारनेरची, वसतिगृहात राहायची. ती एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत टाइप करायची. मी तिला त्यावरून इतकं चिडवलं आहे!

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली असताना कॉलेजचं स्नेहसंमेलन झालं. त्यात कुणीतरी कम्प्युटरच्या खोलीतला स्टॅबिलायझर काढून ध्वनिक्षेपकाला लावला आणि परत बसवायला विसरला. नगरच्या विजेनं एका दुपारी उसळी मारली आणि आमची दोन्ही बदामी यंत्रं गेली. खोलीत जळक्या रबरासारखा वास भरला होता. शेळके सर त्या वासात बराच वेळ उभे होते.

परीक्षा मग शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजात ठेवली. तिथली यंत्रं दुसऱ्या कंपनीची. सर स्वतः जाऊन चौकशी करून आले आणि हुश्श करून खुर्चीत बसले. ‘‘काळजी करू नका. ते म्हणाले, आमची मशीन शंभर टक्के कंपॅटिबल आहेत.’’

तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. सरांनी अर्थ सांगितला. एकावर चालतं ते दुसऱ्यावर चालतं, म्हणजे कंपॅटिबल. फार छान शब्द वाटला. आम्ही तो दिवसभर एकमेकींवर वापरला. माझी चप्पल तुझ्या पायाला कंपॅटिबल आहे का, वगैरे. कशाशी कंपॅटिबल, हे मात्र ना सरांनी तिथे विचारलं, ना आम्ही सरांना.

आज मला ते ठाऊक आहे. त्या काळी परदेशातल्या एका बड्या कंपनीच्या यंत्राबरहुकूम यंत्रं बनवणाऱ्या पुष्कळ कंपन्या निघाल्या होत्या, आणि आपलं यंत्र त्या बड्या यंत्रासारखंच चालतं याचा त्यांना अभिमान असे. ते खोटं बोलत नव्हते. आमची बदामी यंत्रं वेगळ्याच घराण्यातली होती, इतकंच. आमची भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची आम्हाला. दोघांचीही फ्लॉपी एकाच मापाची असल्यामुळे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी फुफीनं दह्यासाखरेचा चमचा तोंडात घातला आणि दुवा पुटपुटली. त्या कॉलेजातही दारात चपला काढायच्या होत्या. आत पांढरी, उंच यंत्रं एका रांगेत. बाहेरगावाहून आलेले परीक्षक, कडक इस्त्रीचे, घड्याळ काढून टेबलावर ठेवत होते. मी फ्लॉपी घातली. ती सुरेख बसली. दिवा लागला, आत घरघर झाली, आणि मग पडद्यावर इंग्रजीत आलं की ही वाचता येत नाही.

माझ्या मनात पहिल्यांदा आला तो अब्बांचा चुंबक. फ्लॉपी कधी घोडेगावला गेलीच नव्हती, तरीही तोच आला. पुठ्ठ्याला लागून आला असेल त्याचा काही गुण, असलं काहीतरी खुळं माझ्या डोक्यात आलं आणि आपलं घर, आपला धंदा, ती खिळ्यांची पेटी, सगळ्याचा मला त्या क्षणी संताप आला. इतक्यात शेजारून वैशाली म्हणाली, ‘‘सर, माझी पण वाचत नाही.’’ वैशालीचे वडील तर पोस्टात होते. मग रांगेत एकामागून एक तेच. कुणाचीच वाचली जात नव्हती.

शेळके सर पुढे धावले. परीक्षकांशी त्यांचं हळू आवाजात काही बोलणं झालं. परीक्षक आमच्याकडे वळून म्हणाले, ‘‘जर्नल आहे ना सगळ्यांकडे? प्रोग्राम पुन्हा टाइप करा. मशीन बदललं म्हणून वेळ वाढवून मिळणार नाही.’’

वर्गानं हाय खाल्ली. आणि खरं सांगते, मला मात्र धीर आला. टाइप करणं! ते तर माझ्या हातचं होतं. मी जर्नल उघडलं, नजर त्यावर रोवली आणि सुटले. इतरांची खुडखुड, थांबणं, उसासे कानावर येत होते आणि माझी बोटं धावत होती. सगळ्यांच्या आधी शेवटची ओळ संपली. मी रनचा हुकूम दिला आणि टाइप करायला बसल्यापासून पहिल्यांदाच नीट वर पाहिलं.

पडदा वेटोळ्यांनी भरला होता.

त्या यंत्रांवर पडद्यावर शब्द उमटवायचे तर ते अवतरणचिन्हांत घालावे लागत. आमच्या बदामी यंत्रावर ते चिन्ह दोनच्या आकड्यावर होतं. इथे दोनच्या आकड्यावर होतं एक वेटोळं, आत छोटा इंग्रजी ए अडकलेला. आज ते प्रत्येकाच्या ईमेलच्या पत्त्यात बसलेलं असतं. तेव्हा आमच्यापैकी कुणाला ते कशासाठी असतं हेही माहीत नव्हतं. मी ते ओळीओळीत पेरून ठेवलं होतं. कंससुद्धा एकेक घर सरकलेले होते. यंत्र चूक आहे, चूक आहे, एवढंच म्हणत होतं.

वर का पाहिलं नाहीस, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. पुठ्ठ्याला पडदा नसतो. वर बघायला मी शिकलेच नव्हते. माझ्या सगळ्या सरावात समोर पडदा नव्हता, अब्बा होते.

मग मी दुरुस्त करायला बसले. जोवर डोळे बटणांवर होते तोवर ठीक. जर्नलकडे पाहिलं की बोटं आपल्या जागी परत जायची. पुन्हा वेटोळं. पुसायचं. पुन्हा. ओळ दुरुस्त करायची पद्धतही तिथे निराळी, म्हणून अख्खी ओळ नव्यानं लिहायची. हाताला घाम सुटला होता, बटणं ओली झाली होती, आणि अब्बांचं ते वाक्य डोक्यात हातोडीसारखं पडत होतं. एकदा बी न्हाई. शेजारी वैशाली तिच्या एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, शांतपणे पुढे चालली होती. तिला सगळीच बटणं कायमची अनोळखी, त्यामुळे तिला ह्या यंत्राचं काहीच बिघडलं नव्हतं.

परीक्षक माझ्यापाशी आले तेव्हा पडद्यावर एकच वाक्य धडपणे उमटत होतं. किती दात?

‘‘दात?’’ ते वाकून म्हणाले. ‘‘कुणाचे?’’

‘‘बैलाचे, सर.’’

त्यांनी एक आकडा दाबला आणि वाट पाहिली. यंत्र गप्प होतं. ‘‘आमच्या मशीनवर चालतो, सर,’’ मी शेवटी म्हणाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मान हलवून म्हणाले, ‘‘मला इथे दिसलं पाहिजे ना, बाळ.’’ आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वैशालीचा चालला. रडत आली तीच मला मिठी मारायला, आणि मला तिची मिठी नको झाली होती.

परवा भांडी आपटून झाल्यावर मी बाहेर आले तर आयेशा तशीच पडलेली होती. तिच्या पिढीला सगळं कुठंही जुळतं. कुणाचाही चार्जर कुणाच्याही मोबाईलला. मला त्याचा हेवा वाटतो, आणि थोडी धास्तीही. एखादी गोष्ट अंगवळणी पडते म्हणजे आपण तिच्या मापाचे होतो. तिच्याखेरीज इतरांच्या उपयोगाचे आपण उरलो की नाही, हे ती काढून घेतल्यावरच समजतं. वर्गात त्या यंत्राशी सगळ्यांत चांगलं जमलेली मी, आणि बुडाले ती मी.

पुढे ऑक्टोबरात मी पुन्हा बसले आणि पास झाले. शिकले, आणि आयुष्यभर कम्प्युटर शिकवूनच पोट भरलं. पण हे होणार की नाही ते ठरलं त्याच मोसमात, घोडेगावात.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गावी गेले. निकाल लागायचा होता, पण प्रात्यक्षिक गेलं म्हणजे विषय गेला, त्यामुळे मला तो माहीत होता, आणि अब्बांना दुसऱ्या कुणाकडून कळू द्यायचा नव्हता. बाजाराचा दिवस होता. धुळीत सगळी माणसं पिवळी दिसत होती. अब्बांनी एक खिल्लारी बैल पाडला होता, त्याचा मालक मानेवर गुडघा देऊन बसला होता. मी पुठ्ठा छातीशी धरून उभी राहिले. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातले खिळे तोंडातच ठेवून पत्री पुरी केली. बैल उठून उभा राहिल्यावर मी सांगितलं. सगळं. यंत्रं जळाली ते, फ्लॉपी, वेटोळं.

‘‘मंजे नापास,’’ अब्बा म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘घरी जा.’’

त्या संध्याकाळी ते जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. अम्मीनं एकदा विषय काढला तर ताटावरून उठले. नेवाशाकडच्या एका घरून आलेला निरोप अम्मीनं मला मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला सांगितला. मी पुठ्ठा पुन्हा त्या खिळ्यावर टांगला होता, बटणं भिंतीकडे करून. मला ती बघवत नव्हती. अब्बांनी ठोकायला घेतलं की आवाज यायचा आणि माझी बोटं मांडीवर आपोआप हलायची. मी ती दाबून धरायची.

मग एका सकाळी अब्बा पेटी उचलून निघाले आणि ओसरीत थांबले. पुठ्ठा त्यांनी खिळ्यावरून काढला, बटणांची बाजू वर करून उजेडात धरला. दोनच्या आकड्यावर त्यांचा अंगठा कितीतरी वेळ होता. तो आकडा त्यांना वाचता येई.

‘‘हितं हुतं व्हय तुजं चिन्ह?’’

‘‘हो.’’

‘‘आन त्या मशीनला?’’

‘‘पार उजवीकडे. इथे.’’ मी दाखवलं.

मला वाटलं, आता फाडतील. पेटी खांद्यावरून खाली ठेवून त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला.

‘‘दुसऱ्या मशीनचा बी काढ,’’ अब्बा म्हणाले. ‘‘सोमवारी जाऊ नगरला, त्या कालेजात. मी बोलतो त्यांच्याशी. बगून बगून नीट काढ.’’

दुसरा पुठ्ठा आणते, मी म्हणाले.

‘‘दुसरा कशाला?’’ पेटी उचलत ते म्हणाले. ‘‘मागली बाजू कोरीच हाय की.’’